सरगोध्याहून न परतलेले मिस्टेर

(दृश्य: टेबलावर पसरलेला जुना नकाशा, पट्टी, पेन्सिल)

भारतीय पंजाबातील आदमपूर तळापासून पाकिस्तानातील सरगोधा हवाई तळापर्यंत सरळ रेषा ओढली, तर ती सुमारे 300 किलोमीटर भरते. शस्त्रांचे ओझे घेऊन जमिनीलगत उडणाऱ्या मिस्टेर विमानाला एवढ्या अंतरावर जाऊन परत येणे जेमतेम जमण्याजोगे होते. परतीच्या वाटेवर कुणी शत्रूशी झुंजायला वळलाच, तर घरी पोहोचण्यापुरते इंधन त्याच्याकडे उरणार नव्हते. पुढचे सारे ऐकताना हा हिशेब ध्यानात ठेवावा, अशी आमची विनंती आहे.

6 सप्टेंबर 1965 च्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी भारतीय तळांवर हल्ला चढवला आणि पठाणकोटला उभी असलेली आपली विमाने जळाली. त्याला उत्तर म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे, अंधार असतानाच, आदमपूरहून एक क्रमांकाच्या स्क्वाड्रनची, म्हणजे विमानांच्या तुकडीची, मिस्टेर विमाने सरगोध्यावर जाणार होती. नेतृत्व विंग कमांडर ओमप्रकाश तनेजा यांच्याकडे होते आणि योजना बारा विमानांची होती. ऐनवेळी एखादे विमान अडले तर त्याची जागा घेण्यासाठी जे राखीव वैमानिक सज्ज होते, त्यांत कर्नाटकातील कोडगूचे स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोपय्या देवय्या होते. राखीव वैमानिकाची गरज पडली आणि देवय्या उडाले.

(दृश्य: पालमच्या वायुसेना संग्रहालयातील मिस्टेर)

हे ते विमान. फ्रान्समधील दासो कंपनीने बांधलेले, एका माणसाचे, एका इंजिनाचे, 30 मिलिमीटरच्या दोन तोफांचे. कॅमेरा पंखाच्या कडेवरून सरकत नाकाशी येतो, तेव्हा त्याची रुंद, ठेंगणी ठेवण नीट दिसते. जमिनीवरील लक्ष्ये टिपण्यासाठी ते चांगले होते. मात्र त्या पहाटे त्याच्यासमोर जे आले, ते ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारे अमेरिकी बनावटीचे एफ-104 स्टारफायटर होते. ते फ्लाइट लेफ्टनंट अमजद हुसेन चालवत होते.

हल्ला करून आपली विमाने एकेक करून परतली, त्यांत देवय्या नव्हते. रेडिओवर मौन पाळायचे होते, सारे अगदी खालून उडत होते, आणि त्यांच्या विमानाचे काय झाले हे सोबत्यांपैकी कुणीही पाहिले नव्हते. नोंद झाली ती एका शब्दाची: बेपत्ता. त्या शब्दात त्यांच्या पत्नीची आणि मुलींची पुढची अनेक वर्षे गेली.

(दृश्य: कागदांच्या फायली, हाताने लिहिलेले तक्ते)

उलगडा सीमेपलीकडून झाला. 1979 मध्ये ब्रिटिश लेखक जॉन फ्रिकर यांनी पाकिस्तानी वायुदलाच्या मदतीने 1965 च्या हवाई युद्धाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यात सरगोध्याहून परतणाऱ्या एका मिस्टेरची हकीकत होती: अमजद यांनी त्याला गाठले आणि तोफांचा मारा केला, पण ते विमान पळाले नाही, उलट वळून त्याने आपल्याहून कितीतरी वेगवान स्टारफायटरवर तोफा डागल्या, आणि ते इतके निकामी केले की अमजद यांना छत्रीने बाहेर उडी घ्यावी लागली. मिस्टेरच्या वैमानिकाचे नाव मात्र तिथे नव्हते.

ते नाव वजाबाकीने सापडते, आणि ती वजाबाकी आम्हाला या चित्रफितीत सावकाश दाखवायची आहे, कारण शोध म्हणजे नेमके हेच काम असते. 7 सप्टेंबरला सरगोध्याच्या परिसरात भारताने गमावलेली विमाने एका रकान्यात लिहावीत. सात क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे स्क्वाड्रन लीडर सुरेश भागवत आणि फ्लाइंग ऑफिसर जगदेवसिंग ब्रार सांगला हिलच्या बाजूला पाकिस्तानी वैमानिक मोहम्मद महमूद आलम यांच्या सेबर विमानाशी झालेल्या झटापटीत कामी आले. पण ते हंटर विमाने चालवत होते. सत्तावीस क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे ओंकारनाथ काकर युद्धकैदी झाले. त्यांचेही विमान हंटर. फ्लाइट लेफ्टनंट गुहा यांचे विमान मिस्टेर होते खरे, परंतु ते त्याच सकाळी नंतरच्या हल्ल्यात पाडले गेले. आता विमानाचा प्रकार मिस्टेर आणि वेळ पहाटेची, अशा दोन्ही अटींत बसणारे एकच नाव रकान्यात उरते: देवय्या.

या यादीत मराठी प्रेक्षकाची नजर भागवत यांच्या नावावर थांबेल, आणि ती थांबावीच. त्या दिवशी आलम यांनी एकाच झुंजीत पाच हंटर पाडल्याचे पाकिस्तानात आजही सांगितले जाते. त्या दाव्यासमोर भारतीय नोंदी ठेवल्या, तर त्या मोहिमांत एकंदर तीनच हंटर गमावल्याचे दिसते, ती म्हणजे भागवत, ब्रार आणि काकर यांची. दोन्ही बाजूंचे कागद एकाच टेबलावर आणल्याशिवाय यातले काहीच ताडून पाहता येत नाही.

तनेजा यांनी आपल्या सहकाऱ्यासाठी पाठपुरावा केला, आणि 1988 मध्ये, म्हणजे घटनेनंतर 23 वर्षांनी, देवय्या यांना मरणोत्तर महावीर चक्र जाहीर झाले. ते त्यांच्या पत्नीने स्वीकारले.

(दृश्य: कोडगूतील मडिकेरी शहर, देवय्या यांच्या नावाचा चौक, सकाळची वर्दळ)

अमजद हुसेन पुन्हा उडत राहिले. 1971 च्या डिसेंबरमध्ये अमृतसरजवळ विमानविरोधी तोफांनी त्यांचे स्टारफायटर पाडले आणि ते भारताचे युद्धकैदी झाले. म्हणजे ज्या माणसाशी देवय्या लढले, तो आपल्या हद्दीत, आपल्या ताब्यात होता. देवय्या यांचे नाव तेव्हा बेपत्तांच्याच यादीत होते.

शेवटचा दुवाही पाकिस्तानातूनच मिळाला. तेथील वायुदलाचे निवृत्त अधिकारी आणि हवाई इतिहासाचे अभ्यासक कैसर तुफैल यांनी विमान पडले त्या भागातील गावकऱ्यांच्या आठवणी टिपून ठेवल्या. शेतात भारतीय वैमानिकाचा देह सापडला होता, आणि गावातल्या लोकांनी तो तिथेच मातीआड केला होता.

(दृश्य: गव्हाचे शेत, वारा. निवेदन नाही.)