जिभेला चिकटणारा दगड

(दृश्य: नदीकाठची घळ, मुलीच्या हातात दगडाचा तुकडा)

दगड जिभेला लावलाय तो गंमत म्हणून नाही. सरांनीच सांगितलंय, "लावून बघ. चिकटला तर हाड असेल." हाडातली बारीक छिद्रं दगड झाल्यावरही बऱ्याचदा शिल्लक राहतात आणि जिभेवरचा ओलावा ओढून घेतात.

हा तुकडा चिकटलाय.

(काही क्षण निवेदन नाही)

हा सिरोंचा तालुका, गडचिरोलीचं दक्षिण टोक. समोरच्या काठावर तेलंगणा. भूशास्त्र शिकणारी ही मुलं इथे इंटर्नशिपला आली आहेत, आणि त्यांच्या पायाखाली ज्युरासिक, म्हणजे डायनासोरांच्या काळातला गाळ आहे.

(दृश्य: वडधम, दगडी खोडं)

वडधमचं हे खोड बघा. हात फिरवला की लाकडाच्या रेषा बोटांना लागतात, वाजवलं तर आवाज दगडाचा. झाड गाळात गाडलं गेलं, पाण्यात विरघळलेली सिलिका, म्हणजे वाळूतलं खनिज, पेशीपेशीत जाऊन बसली. लाकूड गेलं, घडण तशीच राहिली. अशाच खोडांमुळे वनविभागाने इथे जीवाश्म उद्यान केलं.

मुलांचा पहिला धडा: काहीही उचलायचं नाही. आधी होकायंत्र. खोड कोणत्या दिशेला आडवं पडलंय, कोणत्या थरात आहे, आजूबाजूला काय आहे, हे सगळं वहीत उतरवायचं. वाहत आलेल्या खोडांच्या दिशेवरून जुन्या नदीचा प्रवाह ओळखता येतो. जागेवरून हललेला जीवाश्म अर्धा मुका होतो.

याच खोऱ्यातल्या कोटा गावाजवळचे जीवाश्म १८५० च्या दशकात स्टीफन हिस्लॉप अभ्यासत होते, नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते. या खडकांना जगभर 'कोटा' याच नावाने ओळखतात. पुढे १९५८ ते १९६१ या काळात भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संशोधकांना पोचमपल्ली गावाजवळ सुमारे ३०० हाडं मिळाली. निदान सहा प्राण्यांची. सोबत दगड झालेली झाडांची खोडंही होती. एखाद्या मोठ्या पुरात कळप आणि झाडं एकत्र वाहून आली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. १९७५ मध्ये त्या डायनासोरचं बारसं झालं: बारापासॉरस टागोराय. बंगालीत 'बारा पा' म्हणजे मोठा पाय, आणि टागोराय रवींद्रनाथांच्या नावावरून. त्याचा सांगाडा कोलकात्यात उभा आहे, नीट जपलेला. पण सिरोंच्याच्या पोराला तो बघायचा तर कोलकाता गाठावं लागतं.

(दृश्य: गुराख्याशी बोलणारा मुलगा)

हा मुलगा इथलाच. घरी तेलुगू, शाळा मराठीत. काल याच मामांनी त्याला सांगितलं, ओढ्याच्या वळणावर पावसाळ्यानंतर 'हाडासारखे दगड' उघडे पडतात. सरांच्या नकाशात ते वळण नव्हतं. आज सगळे तिथेच बसलेत, तो जिभेला चिकटलेला तुकडाही तिथलाच. बाहेरून येणाऱ्याला जे दोन हंगामांत दिसत नाही, ते इथल्या माणसाला गुरं वळताना दिसतं. म्हणून इथल्या मुलांना हे काम शिकवायला हवं, आणि अशा तुकडीत पहिली जागा त्यांची हवी.

(दृश्य: प्लास्टरचं काम)

आधी ओला कागद, म्हणजे प्लास्टर हाडाला धरत नाही. मग गोणपाटाच्या पट्ट्या प्लास्टरमध्ये बुडवून एकीवर एक. कोपरापर्यंत हात पांढरे. प्लास्टर वाळलं की खालची माती हळूहळू कोरायची, सगळ्यांनी मिळून श्वास धरायचा आणि एका दमात गठ्ठा उलटा करायचा. आत काही खळखळलं तर हाड फुटलं समजायचं.

(गठ्ठा उलटतो. मूळ आवाज.)

खळखळ नाही.

जीवाश्मांच्या कामात नोकऱ्या मोजक्याच, यातली बरीच मुलं उद्या खाणींकडे, भूजलाकडे वळतील.

(दृश्य: गठ्ठ्यावर मार्कर)

वर बाण, तारीख, थर, क्रमांक. शेवटी गाव. हे लिहायचं काम सिरोंच्याच्या मुलाकडे आलंय. तो आधी मराठीत लिहितो, मग खाली तेलुगूत.