सरफोजीराजांची पुस्तकं

(दृश्य: इंग्रजी पुस्तकाचं पहिलं पान, त्यावरची सही)

सही इंग्रजीत आहे, पण माणूस भोसल्यांचा. तंजावरचे सरफोजीराजे, दुसरे. शहाजीराजांचे चिरंजीव व्यंकोजी यांनी कावेरीकाठी राज्य उभं केलं, त्या घराण्यातले. आपल्या करवीर गादीचे चुलतघरचे, असं म्हणायला हरकत नाही.

(दृश्य: सरस्वती महालाचा दर्शनी भाग, मग कपाटं)

हे तंजावरचं ग्रंथालय, सरस्वती महाल. पुस्तकं सगळी सरफोजींनी जमवलेली नाहीत. नायक राजांच्या काळापासून इथं ताडपत्रं होती, आधीच्या भोसल्यांनीही भर घातली. सरफोजींच्या हाती आलं ते हे मूळ भांडवल. १७९८ साली ते गादीवर बसले आणि पुढच्याच वर्षी कंपनी सरकारनं कारभार काढून घेतला. किल्ला राहिला, सालाचा तनखा राहिला. दुसरा एखादा असता तर शिकारीत आणि नाचगाण्यात आयुष्य काढलं असतं. यांनी पुस्तकं मागवली. लहानपणी श्वार्ट्झ नावाच्या जर्मन पाद्र्यानं शिकवलं होतं, ती ओढ सुटली नाही. युरोपातली साडेचार हजारांवर पुस्तकं त्यांनी जमवली. १८२०च्या सुमाराला काशीयात्रेला गेले, तिथंही पंडित कामाला लावले. पोथी विकत मिळाली तर घ्यायची, नाही तर बसून नक्कल करून आणायची.

(दृश्य: माणसांचे आणि जनावरांचे चेहरे शेजारी शेजारी)

ही चित्रं जरा निवांत बघा. ल ब्रँ या फ्रेंच चित्रकारानं माणसाचा चेहरा जनावराच्या चेहऱ्याशी ताडून पाहिलाय. इथं येणारा प्रत्येक जण या काचेपाशी थांबतो आणि सोबतच्याकडं बघून हसतो. आम्हीही हसलो.

(दृश्य: डोळ्यांची रंगीत चित्रं)

पण पोट दुखेपर्यंत हसायच्या आत इकडं या. हे राजांच्या धन्वंतरी महालातले, म्हणजे त्यांच्या दवाखान्यातले, केसपेपर. एकेका रोग्याचा डोळा रंगात काढलाय. बुबुळावरचा पांढरा पडदा, पापणीची सूज, सगळं. रोग काय, उपचार काय, याची नोंद. मजकूर इंग्रजीत आहे, तसा मोडी लिपीतही आहे. मोडी म्हणजे फक्त महसुलाचे हिशेब आणि जमिनीचे वाद, असं समजणाऱ्यांनी हे पान पाहावं.

आणि हा माणूस नुसता संग्रह करून थांबला नाही. १८०५ साली वाड्यात देवनागरी छापखाना आला. पुढच्या वर्षी इसापच्या गोष्टी मराठीत छापून निघाल्या, ‘बालबोधमुक्तावली’. मुंबईत छापखानेवाले गणपत कृष्णाजी यांचं छापील पंचांग आलं ते १८३१ साली. म्हणजे पंचवीस वर्षं आधी, तमिळ मुलखात, मराठीत इसाप! शाळेत आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. राजांनी स्वतः ‘देवेंद्र कोरवंजी’ हे मराठी नाटक लिहिलं. त्यात भविष्य सांगणारी कोरवंजी चक्क जगाचा भूगोल सांगते.

१८३२ साली राजे गेले. १८५५ साली वारस नाही म्हणून राज्य खालसा झालं, वाड्यातल्या खासगी मालमत्तेचा खटला चालला, ती परत मिळाली, आणि १९१८ साली ग्रंथालय लोकांसाठी खुलं झालं.

(दृश्य: कोल्हापूर, मंगळवार पेठ. रविवारचा मोडी वर्ग)

आता कोल्हापूर. मोडीत आधी रेघ. कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, मग तिच्याखाली अक्षरं. हात शक्यतो उचलायचा नाही. वर्गातल्या या काकूंचा बोरू बघा कसा पळतोय. शब्द कुठं तुटतो ते लिहिणारा सांगत नाही, वाचणाऱ्यानं ओळखायचं. ऱ्हस्व-दीर्घाचं तर नावच काढू नका.

फळ्यावरचा कागद तंजावरच्या दप्तरातला, त्याची झेरॉक्स. छत्रपतींच्या पत्रांवर हात बसलेली ही मंडळी इथं अडखळतात. भाषा मराठी, पण मधेच तमिळ नाव येतं, तमिळ गाव येतं. मग कुणीतरी मोबाईलवर नकाशा काढतं, गाव सापडतं, ओळ पुढं सरकते. सरस्वती महालात एकूण हस्तलिखितं एकोणपन्नास हजारांच्या घरात. त्यातली मराठी तीन हजारांवर. मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, निराळे.

नवी तुकडी दिवाळीनंतर बसते. वयाची अट नाही. बोरू वर्गातच मिळतो, वही मात्र बिनरेघी आणायची.