गहाण सोडवायचंय, पण सोडणारा कुठाय?

(दृश्य: सातबाऱ्याचा जुना उतारा. बोट ‘इतर हक्क’ या रकान्यावर थांबतं.)

एक नाव, त्यापुढे रक्कम आणि दोन शब्द : ताबे गहाण, म्हणजे कर्ज फिटेपर्यंत जमीन सावकाराच्या ताब्यात. रक्कम पाचशे, सातशे, फार तर हजार. आज एवढ्यात ट्रॅक्टर दिवसभर येत नाही. पण ही ओळ उताऱ्यावर आहे तोवर जमिनीवर कर्ज काढता येत नाही, वाटप धड होत नाही आणि बांधावरचं भांडण मिटत नाही.

पैसे घेणारे आजोबा गेले. देणारा सावकारही गेला. त्याचा वाडा पडला, मुलं गाव सोडून गेली, पत्ता कोणालाच नाही. गावात विचारलं की एकच उत्तर मिळतं, “सावकारच नाही, आता जमीन कसली सुटते?”

हे उत्तर खरं नाही. त्यावर विसंबून बसलेल्या माणसाच्या हातून दावा लावायची मुदत निघून जाते, म्हणून ते जास्त घातक आहे.

(दृश्य: सुप्याचा बाजार.)

पुणे जिल्ह्यातलं सुपे. 12 मे 1875. बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या दारात गेले आणि त्यांनी चोपड्या, खतं बाहेर काढून जाळली. कागद जळला की जमीन सुटेल, एवढी साधी आशा होती त्यामागे. पुढे 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा आला आणि न्यायालयाला जुन्या हिशेबाच्या मुळाशी जाता येऊ लागलं.

आज मात्र तोच कागद शोधावा लागतो. गहाणखताची नक्कल दुय्यम निबंधकांच्या कचेरीत, ज्या फेरफाराने, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदीने, हा बोजा चढला त्याची नक्कल तलाठ्याकडे किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात. खत नीट वाचा. ताबे गहाण आहे, नजर गहाण (जमिनीचा ताबा आपल्याकडेच) आहे की मुदत खरेदी (पैसे फेडले की जमीन परत, या अटीवर केलेली विक्री)? मुदत खरेदीत जमीन परत देण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली असावी लागते. 1929 पासून कायदा तसा आहे. अट वेगळ्या चिठ्ठीवर असेल, तर ते गहाण धरलं जात नाही. तोंडी शब्दावर किती जमिनी अशा गेल्या असतील, याचा विचार केला की मन खिन्न होतं.

आता मूळ प्रश्न. पैसे द्यायचे कोणाला?

1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात याचं उत्तर आहे. कलम 60 गहाण सोडवण्याचा हक्क देतं. कलम 83 सांगतं की देणं असलेली रक्कम न्यायालयात भरता येते. आणि कलम 102 अशाच माणसासाठी आहे ज्याला सावकार सापडत नाही : सावकार किंवा त्याचा मुखत्यार मिळत नसेल, तर न्यायालयात भरलेली रक्कम त्याच्यापुढे पैसे धरल्यासारखीच मानली जाते. नोटीस कशी पोहोचवायची, तेही न्यायालयच ठरवतं.

(दृश्य: कुलूप लावलेलं जुनं दार. त्यावर चिकटवलेला कागद.)

सावकार वारला असेल तर त्याचे वारस शोधावे लागतात. खरोखर शोधावे लागतात, कारण न्यायालय ते विचारतं. ज्यांचा पत्ता लागत नाही त्यांच्यासाठी शेवटच्या माहीत असलेल्या घरावर नोटीस लागते, वर्तमानपत्रात जाहीर होते. जमीन दुसराच कोणी कसत असेल, तर त्यालाही गहाण सोडवण्याच्या दाव्यात आणावं लागतं. नाहीतर हुकूम हातात येतो आणि नांगर त्याचाच चालतो. तुमच्या बाजूने वारस पाच असले, तरी एकटा भाऊही सगळी जमीन सोडवू शकतो. बाकीच्यांचा हिशेब नंतर.

हा दावा लावायची मुदत तीस वर्षं. 1963 च्या मुदत कायद्याआधी ती साठ होती, म्हणून घरातली वडीलधारी अजून साठ सांगतात. त्या साठवर भिस्त ठेवू नका. जिथे परतफेडीची मुदत ठरलेली नाही आणि पिकाच्या उत्पन्नातूनच देणं फिटायचं आहे, अशा ताबे गहाणाबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली वेगळं सांगितलं : तिथे तीस वर्षं खताच्या तारखेपासून मोजायची नाहीत, पैसे फिटल्यापासून किंवा भरल्यापासून मोजायची. तुमचं खत त्यात बसतं का, हे ते वकिलासमोर ठेवूनच कळेल.

दाव्यात आधी प्राथमिक हुकूमनामा, म्हणजे किती रक्कम आणि कधीपर्यंत भरायची ते. मग रक्कम भरणं. मग अंतिम हुकूमनामा. तो घेऊन तलाठ्याकडे अर्ज, नोटिसा, मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी.

(दृश्य: उतारा पुन्हा.)

आणि मग त्या जुन्या नावाला कंस होतो, म्हणजे ती नोंद रद्द होते.