घरबसल्या ताशी तीनशे किलोमीटर

श्रोतेहो, नमस्कार.

२२ मार्च २०२० हा रविवार तुमच्या नक्की लक्षात असेल. जनता कर्फ्यूचा दिवस. संध्याकाळी पाच वाजता आपण गॅलरीत उभे राहून थाळ्या वाजवल्या. त्याच रात्री अकराच्या सुमारास, म्हणजे अमेरिकेत भर दुपारी, पस्तीस ड्रायव्हर आपापल्या घरी स्टिअरिंग धरून बसले आणि फ्लोरिडातल्या होमस्टेड-मायामी ट्रॅकवर त्यांची शर्यत लागली. खरं तर त्या दिवशी तिथे खऱ्या गाड्या धावायच्या होत्या. पण १३ मार्चला नॅसकारने शर्यती थांबवल्या होत्या. मग ट्रॅक संगणकातला, गाड्या संगणकातल्या, आणि ड्रायव्हर मात्र तेच, रोजचे.

नॅसकार म्हणजे स्टॉक कारच्या, दिसायला रस्त्यावरच्या साध्या गाड्यांसारख्या गाड्यांच्या शर्यती. लंबगोल ट्रॅक, बहुतेक वेळ डावीकडेच वळायचं, आणि चाळीसएक गाड्या एकमेकींना घासत पळतात. फॉर्म्युला वनच्या चाहत्यांना हे जरा गावठी वाटतं. वाटू द्या. या खेळाचं मूळच मुळी हातभट्टीत आहे. दारूबंदीच्या काळात आणि नंतरही नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरांतून चोरटी दारू पोचवणारी पोरं साध्या दिसणाऱ्या गाड्यांची इंजिनं वाढवून पोलिसांना गुंगारा देत. त्यांच्यातलेच काही पुढे ट्रॅकवर उतरले. विल्क्स परगणा हा या धंद्याचा बालेकिल्ला होता. नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

संगणकावरची ही शर्यत काही त्या मार्चमध्ये उपटलेली नव्हती. आयरेसिंग नावाचं सिम्युलेटर २००८ पासून चालू होतं आणि २०१० पासून त्यावर नॅसकारची मान्यता असलेली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही होत होती. पहिल्या वर्षी ती रिचर्ड टाउलरने जिंकली. पण ती होती सिममध्येच मुरलेल्या मंडळींची. खरे व्यावसायिक ड्रायव्हर एकजात त्यात उतरले, टीव्हीवर थेट प्रक्षेपण झालं, ते २०२० च्या निमंत्रितांच्या मालिकेत. पहिला हंगाम सात शर्यतींचा. मी त्याच हंगामाबद्दल बोलतोय.

होमस्टेडला शेवटच्या वळणापर्यंत डेल अर्नहार्ट ज्युनियर पुढे होता. निवृत्त झालेला, पण अशा खेळांचा जुना शौकीन. त्या वळणावर डेनी हॅमलिनने त्याला गाठलं आणि जिंकला. अनवाणी पायांनी पेडल मारत! नऊ लाखांवर लोकांनी ही शर्यत पाहिली. पुढच्या आठवड्यात टेक्ससच्या शर्यतीला तेरा लाख.

आता गंमत बघा. जिमी जॉन्सन म्हणजे सात वेळचा अजिंक्यवीर. तो इथे भिंतींवर आपटत होता. का? खऱ्या गाडीत मागच्या चाकांची पकड सुटायला लागली की ते आधी पाठीला आणि बुडाला कळतं. डोळ्यांना नंतर. घरच्या खुर्चीत ती खबरच येत नाही. स्टिअरिंग हाताला थोडी ओढ देतं, बाकी सगळं पडद्यावर बघून ओळखायचं. वीस वर्षं कमावलेलं अंगातलं ज्ञान तिथे मुकं होतं. उलट टिमी हिलचं बघा. छोट्या टीमचा ड्रायव्हर, खऱ्या कप मालिकेत, म्हणजे नॅसकारच्या सगळ्यात वरच्या मालिकेत, बिचारा शेवटच्या रांगांत. कारण तिथे पैसा बोलतो आणि त्याच्याकडे तशी गाडीच नव्हती. इथे सगळ्यांची गाडी सारखी. टेक्ससला शेवटच्या काही लॅप उरल्या असताना त्याने पुढच्या गाडीला मागून हलकेच ढोसलं, ती बाजूला सरकली, हा पुढे. जिंकला. मला विचाराल तर अख्ख्या हंगामातली सगळ्यात न्याय्य गोष्ट तीच.

ज्याला ढोसलं तो विल्यम बायरन. हा पोरगा लहानपणी खऱ्या गाडीच्या आधी आयरेसिंगवरच शिकला. शंभरावर ऑनलाइन शर्यती जिंकून मग खऱ्या ट्रॅकवर आला. त्याने ब्रिस्टल, रिचमंड आणि डोव्हर अशा सातांपैकी तीन शर्यती मारल्या. तोवर खरी कप शर्यत त्याच्या नावावर एकही नव्हती. ती त्याच ऑगस्टमध्ये डेटोनाला आली. पुढे २०२४ आणि २०२५, अशी लागोपाठ दोनदा त्याने डेटोना ५०० ही नॅसकारची सगळ्यात मानाची शर्यत जिंकली.

टॅलाडेगाच्या शर्यतीत हॅमलिनच्या मुलीच्या हातून रिमोटचं बटण दाबलं गेलं आणि बापाचा पडदा बंद! ताशी तीनशेच्या वेगात समोर काळोख. घरून काम करणाऱ्या प्रत्येकाने हे भोगलंय, नाही का?

पण सगळंच हसण्यावारी गेलं नाही. ब्रिस्टलला क्लिंट बोयरशी टक्कर झाली आणि बब्बा वॉलेस वैतागून सरळ उठून गेला. वर ट्विटरवर लिहिलं की असल्या गोष्टी मी गंभीरपणे घेतच नाही. त्याच्या त्या दिवसाच्या गाडीवर दुखण्यावरचं मलम विकणाऱ्या एका कंपनीची जाहिरात होती. कंपनीने तिथल्या तिथे प्रायोजकत्व काढून घेतलं. आम्ही मात्र गंभीरपणे घेतो, असाच त्याचा अर्थ. मला कंपनीचं म्हणणं पटतं. लोकांनी बघावं म्हणून पैसे घेतल्यावर ‘खेळच तर आहे’ म्हणायची सोय राहत नाही.

त्याहून वाईट १२ एप्रिलला झालं. ती शर्यत या मालिकेतली नव्हती, ड्रायव्हरांनीच हौसेने जमवलेली दुसरी होती. काइल लार्सनला वाटलं आपला माइक फक्त आपल्या स्पॉटरलाच, म्हणजे आजूबाजूच्या गाड्यांवर नजर ठेवून ड्रायव्हरला सांगणाऱ्या साथीदारालाच, ऐकू जातोय. तो काळ्या लोकांबद्दलची अत्यंत घाणेरडी शिवी बोलून गेला. ती सगळ्यांनी ऐकली. दुसऱ्या दिवशी निलंबन, पाठोपाठ प्रायोजक गेले, आणि १४ तारखेला टीमने त्याला काढून टाकलं. गाडी खोटी होती, नोकरी खरी होती. नॅसकारने त्याला पुढच्या हंगामापासून परत घेतलं, आणि २०२१ ची कप मालिका त्यानेच जिंकली.

शेवटची शर्यत ९ मेची, नॉर्थ विल्क्सबरोला. हाच तो विल्क्स परगणा. १९४७ चा ट्रॅक, जेमतेम किलोमीटरभराचा, आणि जगावेगळा: पुढची सरळ वाट उताराची, मागची चढाची. १९९५-९६ मध्ये दोघांनी तो निम्मा-निम्मा विकत घेतला आणि त्याच्या शर्यती टेक्सस आणि न्यू हॅम्पशरला नेल्या. इथे उरलं रान. भेगांतून झाडं उगवली, स्टँड कुजले. डिसेंबर २०१९ मध्ये अर्नहार्ट ज्युनियर माणसं घेऊन तिथे गेला आणि गवत-झुडपं साफ केली. ट्रॅक वाचवायला म्हणून नव्हे हं. लेझरने त्याची मोजणी करून तो निदान संगणकात तरी राहावा, एवढाच हेतू. गवत राहिलं तर लेझर गवतच मोजणार, खालचं डांबर नाही. म्हणून फावडी आणि गवत कापायची यंत्रं.

अशा रीतीने चोवीस वर्षांनी तिथे कप ड्रायव्हर पळाले. जिंकला हॅमलिन. आठवड्याने, १७ मेला, डार्लिंग्टनला रिकाम्या स्टँडसमोर खऱ्या शर्यती सुरू झाल्या.

या संगणकी शर्यतीमुळेच नॉर्थ विल्क्सबरो जिवंत झाला असं मी म्हणणार नाही. राज्याने २०२१ मध्ये कोविड मदतनिधीतून एक कोटी ऐंशी लाख डॉलर दिले नसते, तर नुसत्या आठवणींवर स्टँड उभे राहिले नसते. पण ज्या जागेला लोक मेलेली धरून चालले होते, ती लाखोंना पळती दिसली, हेही खरं. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथे पुन्हा खऱ्या शर्यती झाल्या, आणि अर्नहार्ट ज्युनियर स्वतः तिसरा आला. मे २०२३ मध्ये नॅसकारची ऑल-स्टार शर्यत तिथे झाली. दहा लाख डॉलरचं बक्षीस कुणी नेलं माहितेय? काइल लार्सनने.

ती शर्यत १९८१ साली टाकलेल्या डांबरावरच झाली. पुढच्या हंगामाआधी ते उखडून नवं टाकलं. तेव्हा जुना विल्क्सबरो त्याच्या खाचखळग्यांसकट चालवून बघायचा असेल, तर आता संगणकच सुरू करावा लागतो.

नमस्कार.