एका माणसाची खुर्ची
(निवेदन: सेकी ओन्सेन, म्योको, जपान)

[पहाट. दिव्याच्या झोतात पडणारा बर्फ. खराट्याचा आवाज.]

पहाटेचे साडेपाच. रात्रभरात गुडघाभर बर्फ पडलाय. स्की करणाऱ्यांना डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टची, तारेला लटकलेली खुर्ची समोर येते, हे काका खराट्याने ती झाडतात, खुर्ची पुढे सरकते. मग दुसरी. मग तिसरी. सगळ्या झाडून झाल्या की ते फावडं उचलतात. इथे बर्फ इतका साचतो की लिफ्टखालची जमीनच वर येते. चर खणून ठेवला नाही, तर खुर्चीत बसणाऱ्याचे पाय बर्फात रुततील. हे काम यंत्राला जमत नाही. खांबाखांबांमधून फावड्यानेच करावं लागतं.

गावाचं नाव सेकी ओन्सेन. निइगाता प्रांतात, २,४५४ मीटर उंचीच्या म्योको डोंगराच्या अंगावर. ओन्सेन म्हणजे गरम पाण्याचा झरा. गाव त्या झऱ्यापायी वसलं, स्कीचा उतार फार नंतरचा. लिफ्ट दोनच. वरची लिफ्ट एका वेळी एकाच माणसाला नेते.

[शिंकान्सेनची खिडकी, मग लहान गाडी.]

तोक्योहून शिंकान्सेन या वेगवान रेल्वेने जोएत्सु-म्योको स्टेशन साधारण दोन तासांवर. पुढे मात्र घाई करता येत नाही. छोटी गाडी डोंगर चढू लागते आणि निहोंगी स्टेशनात चक्क उलटी चालते. चढ इतका तीव्र की पुढे, मागे, पुन्हा पुढे असं करतच ती वर जाते. आपल्या खंडाळ्याच्या घाटात १९२९ पर्यंत गाड्या अशाच फिरवाव्या लागत. तिथलं रिव्हर्सिंग स्टेशन आता इतिहासजमा झालं. इथलं अजून रोज चालतं.

एवढा बर्फ येतो कुठून? हिवाळ्यात सायबेरियातून कोरडा, बोचरा वारा सुटतो. वाटेत जपानचा समुद्र लागतो आणि त्या समुद्रात दक्षिणेकडून आलेला उबदार प्रवाह असतो. वारा त्यावरून बाष्प उचलतो, किनाऱ्यालगतच्या डोंगरांना धडकतो, वर चढतो आणि हातचं सगळं टाकून देतो. सह्याद्रीला अडलेला मोसमी वारा कोकणात जे करतो, तेच. फक्त इथे पावसाऐवजी बर्फ.

[ताकादा. लाकडी छपराखालून शाळेला निघालेली मुलं.]

डोंगराच्या पायथ्याचं ताकादा शहर. आज ते जोएत्सु शहराचा भाग आहे. २६ फेब्रुवारी १९४५ रोजी इथे ३७७ सेंटिमीटर बर्फ साचल्याची नोंद आहे. त्याही आधीची एक गोष्ट इथे सांगतात. गाव पार गाडलं गेलं होतं, तेव्हा कुणीतरी बर्फावर पाटी रोवली: ‘याच्या खाली ताकादा आहे.’

ही जी मुलं चालली आहेत, त्या वाटेला म्हणतात गांगी. प्रत्येक घराची वळचण रस्त्याच्या बाजूला पुढे काढलेली, एकाची दुसऱ्याला जोडलेली, अशी कित्येक किलोमीटर. छपराखालची जमीन घरमालकाची, चालणार मात्र सगळा गाव. बर्फात दार उघडायचं तर शेजाऱ्याला धरूनच राहावं लागतं, हे या लोकांना फार पूर्वी कळलं होतं.

[फेब्रुवारीचा उत्सव. जुन्या गणवेशातली माणसं, हातात एकच लांब काठी.]

जपानमधल्या स्कीची सुरुवातही इथलीच. १९०२ मध्ये उत्तरेकडच्या हाक्कोदा डोंगरात लष्कराची २१० जणांची तुकडी हिमवादळात सापडली. त्यातले १९९ दगावले. पुढे १९१० च्या अखेरीस ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यातला अधिकारी थिओडोर फॉन लेर्ख जपानला आला आणि त्याची नेमणूक ताकादाच्या पलटणीत झाली. १२ जानेवारी १९११ ला त्याने इथल्या सैनिकांच्या पायांना पहिल्यांदा स्की बांधल्या. जपानमध्ये १२ जानेवारी हा दिवस आजही स्की दिन म्हणून पाळतात.

लेर्खची पद्धत एका काठीची. काठी एका बाजूला बर्फात टेकवायची, अंगाचा भार तिच्यावर द्यायचा आणि वळायचं. पाहा, ही माणसं आजही तसंच वळतात. उतार कानाया टेकडीचा, जेमतेम टेकाडच म्हणा. पण पुढे देशभर पसरलेल्या खेळाला एवढी टेकडी पुरली.

[पांढऱ्या शेतावर लाल मिरच्या.]

हा रंग बघा. जानेवारीच्या विसाव्या तारखेच्या सुमाराला इथे कडाक्याच्या थंडीचा काळ लागतो. तेव्हा म्योकोत मिठात मुरवलेल्या मिरच्या बर्फावर पसरतात. तीन-चार दिवसांत बर्फ त्यांचा खारटपणा आणि उग्रपणा ओढून घेतो. मग मिरच्या वाटायच्या, त्यात युझू नावाचं लिंबासारखं फळ आणि आंबवण घालायचं आणि तीन वर्षं मुरत ठेवायचं. याचं नाव कांझुरी. जेवताना वाफाळत्या रश्शात जेवायच्या काडीच्या टोकावर येईल एवढीच सोडतात. ठेचा खाणाऱ्या आमच्या जिभेला आधी ती सौम्य वाटली. मग हळूहळू चढली आणि बराच वेळ उतरली नाही.

[एका माणसाची लिफ्ट. खुर्चीतून चित्रण.]

आता वर. खुर्चीला समोर दांडा नाही, शेजारी कुणी नाही. मागून खुर्ची येते, गुडघ्याला लागते, तुम्ही बसता. दोन्ही बाजूंना बुना म्हणजे जपानी बीच वृक्षांचं रान, फांदीफांदीवर बर्फाची जाड कड. खाली काकांनी पहाटे खणलेला चर.

[निवेदन नाही. फक्त तारेचा आवाज, मग स्कीचा. चाळीस सेकंद.]

१९९० च्या दशकात जपानमध्ये स्की आणि स्नोबोर्ड करणारे १ कोटी ८० लाखांच्या घरात होते. आज त्याच्या निम्मेही उरले नाहीत, आणि असे शेकडो लहान उतार बंद पडले.

[दुपार. उपाहारगृह. ओले हातमोजे चुलाण्याभोवती.]

इथे दुपारी करी-भात मिळतो. टेबलं मोजकी, त्यामुळे अनोळखी माणसाशेजारी बसावंच लागतं. शेजारच्या आजींनी आमचे हातमोजे आपणहून चुलाण्याजवळ नेऊन ठेवले. जेवण होईपर्यंत ते वाळले होते.

संध्याकाळी सगळे झऱ्यावर जातात. न्हाणीघरात कॅमेरा नेत नाहीत, म्हणून बाहेरूनच दाखवतो: खिडकीतून निघणारी वाफ आणि दगडावरून वाहणारं हे तांबूस पाणी. पाण्यात लोह आहे. झऱ्यातून निघताना ते स्वच्छ असतं, हवा लागली की तांबडं होतं. दगड, पन्हळ, टॉवेलचे काठ, सगळ्यांवर तो रंग चढलेला.

[लिफ्ट थांबते. शेवटची खुर्ची हलत राहते.]

साडेचार वाजता लिफ्ट बंद होते. काका खराटा दाराशी उभा करतात, फावड्याचा बर्फ झटकतात, एकदा वर आभाळाकडे बघतात.

पुन्हा भुरभुर सुरू झाली आहे.