सीपीयू खरंच खोल जातोय का? सी-स्टेटचे आकडे नीट वाचा

नमस्कार मंडळी! बॅटरीवाल्या व्हिडिओखाली एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. ‘दादा, लिनक्समध्ये आकडे बघितले तर सीपीयू जवळजवळ सगळा वेळ सगळ्यात खोल स्टेटमध्ये दिसतो, मग लॅपटॉप गरम का आणि बॅटरी का उतरते?’ तर आज तेवढंच घेऊ.

बेसिक पटकन उरकतो, तुम्हाला माहितीच असेल. सीपीयूला काम नसलं की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याला कुठल्यातरी सी-स्टेटमध्ये, म्हणजे विश्रांतीच्या एका पातळीवर, पाठवतो, सी१ उथळ, सी६, सी८, सी१० खोल, जितकं खोल तितकी वीज कमी आणि उठायला वेळ जास्त. कुठल्या स्टेटला जायचं हे कर्नलमधला गव्हर्नर नावाचा भाग ठरवतो, बहुतेक मशीनवर ‘मेनू’ नावाचा, काहींवर ‘टीईओ’ नावाचा. आकडे कुठे, तर सिस फोल्डरमध्ये प्रत्येक सीपीयूच्या खाली सीपीयूआयडल, त्यात स्टेट०, स्टेट१ असे फोल्डर, पाथ स्क्रीनवर दिसतोय. युसेज म्हणजे किती वेळा, टाइम म्हणजे एकूण किती मायक्रोसेकंद. आकडा साठत जाणारा आहे, म्हणून एकदा वाचा, थोडं थांबा, परत वाचा, वजाबाकी करा. झालं.

आता खरा मुद्दा, आणि इथेच सगळे अडकतात. ही टाइम फाइल म्हणजे कर्नलचा हिशोब आहे. कर्नल एमवेट नावाची इन्स्ट्रक्शन देतो, सोबत ‘सी६ला जा’ अशी हिंट देतो, जाताना घड्याळ बघतो, उठल्यावर परत बघतो, आणि मधला सगळा वेळ सी६च्या नावावर लिहून टाकतो. हार्डवेअर खरोखर सी६ला गेलं का, हे त्याने कुठेही विचारलेलं नाही. तिकीट काढलं म्हणजे माणूस गावाला पोचला असं होत नाही ना, तसंच आहे हे.

पटत नसेल तर हायपरथ्रेडिंगचं बघा. एका कोअरवर दोन थ्रेड. त्यातला एक रिकामा, कर्नलने त्याला सी६ सांगितलं, दुसरा व्हिडिओ एन्कोड करतोय. कोअर सी६ला जाईल का? नाही जाणार, दोन्ही थ्रेड थांबल्याशिवाय कोअर खाली जातच नाही. पण सिसमध्ये त्या रिकाम्या थ्रेडच्या नावावर सी६चा वेळ वाढतच राहणार! याशिवाय इंटेलच्या चिपमध्ये डिमोशन असतं, म्हणजे हार्डवेअरला वाटलं की हा लगेच उठणार आहे तर ते स्वतःच उथळ स्टेट घेतं, कर्नलला न सांगता.

मग खरं कुठे कळतं? हार्डवेअरचे स्वतःचे रेसिडेन्सी काउंटर असतात, म्हणजे कुठल्या स्टेटमध्ये खरंच किती वेळ गेला ते मोजणारे, चिपच्या आत, एमएसआर नावाच्या रजिस्टरमध्ये, आणि ते वाचायला टर्बोस्टॅट नावाचं टूल आहे, कर्नलच्या सोर्समध्येच येतो, रूट लागतो. त्याच्या आउटपुटमध्ये दोन कॉलम नीट बघा. ‘सी६ टक्के’ हा कर्नलचा आकडा, आणि ‘सीपीयू टक्के सी६’ हा हार्डवेअरचा. नावं इतकी सारखी आहेत की लोक पहिल्याचाच स्क्रीनशॉट काढून मला पाठवतात. कृपया दुसरा बघा. आणि त्याच्या पुढे पॅकेजचे, म्हणजे सगळ्या कोअरसकट पूर्ण चिपचे, कॉलम असतात, पीसी२, पीसी६, पीसी८, लॅपटॉपची खरी बचत तिथे असते. सगळे कोअर खाली गेले तरी एखादं पीसीआयई किंवा यूएसबी डिव्हाइस पॅकेजला पीसी२वर अडकवून ठेवू शकतं.

एक मित्र कमेंटमध्ये म्हणाले की मी दर १० मिलिसेकंदाला एमएसआर वाचतो, जास्त अ‍ॅक्युरेट. अहो, दुसऱ्या सीपीयूचा एमएसआर वाचायचा तर कर्नलला त्या सीपीयूला इंटरप्ट पाठवून उठवावं लागतं! तुम्ही मोजताय म्हणूनच तो खोल जात नाहीये. टर्बोस्टॅटचा डिफॉल्ट ५ सेकंदांचा आहे, तो राहू द्या. सिसच्या टाइम फाइलने कोणी उठत नाही, पण ती सीपीयू उठल्यावरच अपडेट होते, त्यामुळे लांब थांबलेल्या सीपीयूचा आकडा जुना दिसू शकतो.

आणि ते ‘मॅक्स सीस्टेट १ टाका, सगळं ठीक होतं’ सांगणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे, ही सेटिंग म्हणजे सीपीयूला सी१पेक्षा खोल जायलाच बंदी. इंटेलच्या बे ट्रेल चिपवर मशीन फ्रीझ व्हायची तेव्हा तो उपाय लोकांनी वापरला, त्याला कारण होतं. आज चांगल्या लॅपटॉपवर ते टाकून बॅटरी अर्ध्यात संपली की लिनक्सला शिव्या देतात, याचा मला मनापासून राग येतो.

आता सस्पेंड, कारण तिथेही हीच गडबड. आमच्या ऑफिसातल्या एकीचा लॅपटॉप बॅगेत इतका तापायचा की पाठीला चटका जाणवायचा, आणि ती म्हणायची, मी तर झाकण बंद केलं होतं. झाकण बंद, स्क्रीन बंद, कर्नलच्या लॉगमध्ये सस्पेंडची एंट्री, सगळं बरोबर. पण नवीन लॅपटॉपवर सस्पेंड म्हणजे बहुतेक वेळा एसटूआयडल, म्हणजे मशीन बंद न करता सगळं फक्त खोल आयडलमध्ये नेणं, आणि त्यात मशीन खरंच खाली गेलं का हे परत हार्डवेअरलाच विचारावं लागतं. इंटेलवर सीपीयूआयडलच्या कॉमन फोल्डरमध्ये ‘लो पॉवर आयडल’ने सुरू होणाऱ्या दोन फाइल असतात, कर्नल ४.१५ पासून. एक सीपीयू रेसिडेन्सी, एक सिस्टिम रेसिडेन्सी, दोन्ही मायक्रोसेकंदात. सिस्टिमवाली वाचा, ठरल्या वेळी मशीन उठवणाऱ्या आरटीसीवेक कमांडने फ्रीझ मोडमध्ये, म्हणजे एसटूआयडलमध्येच, ३०० सेकंद झोपवा, उठल्यावर परत वाचा. फरक ३० कोटींच्या जवळपास आला तर उत्तम. तिचा फरक आला शून्य. सीपीयूवाला आकडा मात्र वाढला होता, म्हणजे प्रोसेसर बिचारा खाली गेला होता, बाकीच्या चिपसेटला कोणीतरी धरून ठेवलं होतं. शोधत गेलो तर एसएसडीची पॉवर सेटिंग निघाली.

कर्नल पुरेसा नवा असूनही फाइल दिसतच नसतील तर बहुतेक तुमच्या फर्मवेअरमध्ये एलपीआयटी नावाचं, हे काउंटर कुठे आहेत ते कर्नलला सांगणारं टेबल नाही, मग कर्नल बदलून त्या येणार नाहीत. एएमडीवाल्यांनो, तुम्ही सस्पेंड स्टॅट्समधली ‘लास्ट एचडब्ल्यू स्लीप’ बघा, म्हणजे मागच्या सस्पेंडमध्ये हार्डवेअर किती वेळ झोपलं तो आकडा, कर्नल ६.४ किंवा त्यापुढचा हवा. सस्पेंडच्या आधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही आकडे कमेंटमध्ये टाका, सोबत कर्नल व्हर्जन आणि लॅपटॉपचं मॉडेल. नुसतं ‘माझा पण गरम होतो’ असं लिहिलंत तर मला पुढे काहीच सांगता येत नाही.