पाच सेकंदांचा निरोप

[दृश्य: सांगली, वसंतदादा मार्केट यार्ड. राजापुरी हळदीचे ढीग, सौद्याभोवती व्यापारी. कॅमेरा एका अडत पेढीच्या आत जातो.]

फेब्रुवारी लागला की या यार्डात नवी हळद यायला लागते आणि बाहेर पाय ठेवायला जागा उरत नाही. सौदा झाला की आत दिवाणजी शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, करतात. पूर्वी हातानं करायचे, आता संगणकावर. वजन, दर, हमाली, तोलाई. एक आकडा चुकला तर समोर उभा असलेला शेतकरी लगेच दाखवून देतो, त्यामुळे दिवाणजींची नजर कीबोर्डवर.

तुम्ही मात्र पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्याकडे बघा.

[दृश्य: पडद्याचा कोपरा, जवळून.]

सूचनेचा, म्हणजे नोटिफिकेशनचा, एक चौकोन वर आला. प्रिंटरची शाई संपत आलीय. गेला. दुसरा आला, ई-मेलचा. दिवाणजींनी मान वर केली तोवर तोही गेला. मग तिसरा: ‘तुमच्या संगणकात व्हायरस सापडला आहे, इथे क्लिक करा.’ हा त्यांनी नीट वाचला, कारण तो सकाळपासून परत परत येतोय. म्हणजे तीन निरोपांतले दोन खरे होते आणि पोचला तो खोटा.

विंडोजमध्ये असा चौकोन मुळात पाच सेकंद दिसतो. पाच सेकंद कुणासाठी पुरेसे आहेत? जो आधीच पडद्याकडे बघतोय त्याच्यासाठी. निघून गेलेला निरोप एका यादीत जमा होतो, आणि विंडोज ११ मध्ये विंडोजचं बटण आणि एन एकत्र दाबले की ती यादी उघडते. पेढीवर हे कुणाला माहीत असायचं कारण नाही. दिवाणजींच्या लेखी दिसेनासा झाला तो निरोप गेलाच.

[दृश्य: विश्रामबाग. घरातली खोली, टेबलावर लॅपटॉप, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं.]

दिवाणजींची पुतणी विश्रामबागेत राहते. घरी बसून एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते. तिचा संगणक विंडोजवर नाही, लिनक्स नावाच्या दुसऱ्या प्रणालीवर चालतो, आणि आम्ही कॅमेरा लावून बसलो तर तिच्या पडद्यावर बराच वेळ काहीच आलं नाही. कॅमेरामन वैतागला.

साधारण समजूत अशी, की नवख्याला कमी सूचना द्याव्यात आणि जाणकाराला भरपूर, त्याला सोसतात. इथं नेमकं उलटं दिसतं. जाणकार सगळ्यात आधी सूचना बंद करतो. मग हव्या तेवढ्या स्वतः लिहितो. बॅकअपसारखं लांबलचक काम सुरू करताना ती आज्ञेच्या शेवटी ‘नोटिफाय-सेंड’, म्हणजे सूचना दाखवायची आज्ञा, जोडते आणि चहा ठेवायला उठते. काम संपलं की चौकोन येतो. तो तिनंच मागवलेला असतो, म्हणून तो तिला कधी टोचत नाही.

लिनक्सच्या डेस्कटॉपसाठी सूचनांचा एक सामाईक नियम आहे. त्यात निकडीच्या तीन पायऱ्या आहेत: कमी, नेहमीची आणि तातडीची. तातडीची सूचना आपोआप जाऊ नये, माणसानं बंद करेपर्यंत थांबावी, असं तिथं लिहिलेलं आहे. आणखी एक शहाणी सोय आहे. त्याच कामाची नवी खबर आली तर नवा चौकोन न टाकता जुन्यातलाच मजकूर बदलता येतो. आवाज वाढवताना पडद्यावर एकच पट्टी पुढे सरकते, दहा पट्ट्या साचत नाहीत, ते यामुळे.

फक्त एक गोम आहे. निकड कोण ठरवतं? निरोप पाठवणारा.

[दृश्य: कृष्णा नदी, आयर्विन पूल. खांबावरचे फुटांचे आकडे.]

सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात इथं कुणी ‘पाणी किती’ विचारलं तर उत्तर आयर्विनच्या फुटांत येतं. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. पाटबंधारे खात्यातला इंजिनिअर कोयनेतून किती क्युसेक सोडलंय, ते इथं कधी पोचेल, याचा हिशेब करत असतो. गावभागातल्या आजींना क्युसेक कळत नाही, पण फूट बरोबर कळतात, आणि सामान माडीवर कधी चढवायचं हेही कळतं. आकडा एकच, आणि तो दोघांच्याही कामाचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हाही लोक याच आकड्यावर कान लावून होते. त्या आकड्यावर विश्वास बसतो, कारण इशारा कुठला आणि धोका कुठला हे माणसांनी आधी ठरवून ठेवलंय. नदीला त्यात मत नाही.

संगणकावर मात्र प्रत्येक ॲप स्वतःच आपल्याला धोक्याच्या पातळीवर नेऊन ठेवतं.

[दृश्य: जुन्या पडद्यांची चित्रं, एकामागून एक.]

हे दुखणं जुनं आहे. विंडोज एक्सपीतले पिवळे फुगे अनेकांना आठवत असतील. डेस्कटॉपवर न वापरलेले आयकॉन आहेत, एवढं सांगायलासुद्धा फुगा यायचा. मॅकवर २००४ मध्ये ‘ग्रोल’ नावाचा बाहेरचा प्रोग्रॅम आला. कुठल्या ॲपचा निरोप दाखवायचा आणि कसा, ते त्यात वापरणाऱ्याच्या हाती होतं. ॲपलनं स्वतःचं नोटिफिकेशन सेंटर मॅकवर आणलं ते २०१२ मध्ये.

यातला सगळ्यात धाडसी प्रयोग मला उबुंटूचा, म्हणजे लिनक्सच्याच एका प्रकाराचा, वाटतो. २००९ च्या एप्रिलमध्ये त्यांनी सूचनेवरची बटणंच काढून टाकली. माउसचा बाण चौकोनावर नेला की तो धूसर व्हायचा आणि क्लिक खालच्या खिडकीत पोचायचं. विचार स्पष्ट होता: ज्याला उत्तर हवंय ती गोष्ट उडून जाणाऱ्या चौकोनात ठेवूच नका. हा विचार आजही पटतो. पण चौकोन किती वेळ थांबावा हे बदलायची सोय त्यांनी ठेवली नाही, आणि जाणकार तिथंच बिथरले. काहींनी तो प्रोग्रॅमच दुरुस्त करून वापरला. सामान्य माणसासाठी सोपं करायचं म्हणून जाणकाराचे हात बांधायचे, हे काही मला पटत नाही.

[दृश्य: पुन्हा पेढी. पुतणी दिवाणजींच्या शेजारी खुर्ची ओढून बसलेली.]

“काका, हा व्हायरस नाही. कुठल्यातरी साइटला तुम्ही परवानगी दिलीय.”

“मी कशाला देतोय बाई?”

दिलेली असते. ‘तुम्ही रोबोट नसाल तर अलाऊ दाबा’ असं सांगून ही परवानगी काढून घेतात. मग ती साइट बंद असली तरी तिचे निरोप थेट डेस्कटॉपवर येत राहतात, अगदी विंडोजच सांगतंय अशा थाटात. २०२० च्या सुरुवातीला फायरफॉक्सनं, आणि लगोलग क्रोमनं, परवानगीचा हा प्रश्न मागे सारला. फायरफॉक्समध्ये आता पान उघडल्या उघडल्या तो अंगावर येत नाही. पण आधी दिलेली परवानगी काढायची तर क्रोमच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी, तिथून साइट सेटिंग, तिथून नोटिफिकेशन, एवढी वाट चालावी लागते. पुतणीनं ती चालून परवानगी काढली.

प्रिंटरच्या चौकोनावर तीन ठिपके होते. ते दाबलं की ‘या ॲपच्या सगळ्या सूचना बंद करा’ असा पर्याय येतो. हे मला आवडलं. त्रास जिथं झाला तिथंच त्याचा निकाल, सेटिंग शोधत फिरणं नाही. दिवाणजींना हे एकदा दाखवलं आणि पुढचं ॲप त्यांनी स्वतः गप्प केलं.

पाच सेकंदांचे तीस सेकंदही करून झाले. विंडोज ११ मध्ये हा पर्याय ॲक्सेसिबिलिटीत, व्हिज्युअल इफेक्ट्सखाली ठेवलाय. सावकाश वाचणाऱ्यांची ही सोय आहे हे खरं, पण पट्टी करणाऱ्या माणसालाही ती तेवढीच लागते, आणि तो तिथं कधीच जाणार नाही.

मग पुतणीनं विचारलं, काका, तुम्हाला नक्की कुठली सूचना हवी? दिवाणजींनी फार विचार केला नाही. बाहेरगावच्या व्यापाऱ्याचे पैसे जमा झाल्याचा बँकेचा मेल. तो कोपऱ्यात आला की मी बघेपर्यंत हलायला नको. बाकी काही नको.

तिच्या लिनक्सवर हे चार ओळींचं काम आहे: बँकेचं नाव, तातडीची पायरी, वेळ शून्य, म्हणजे बंद करेपर्यंत मुक्काम. विंडोजच्या सेटिंगमध्ये तिला एका ॲपच्या सूचना यादीत सगळ्यात वर ठेवता आल्या. त्यातल्या एकाच निरोपाला थांबवून धरायचं बटण तिथं नव्हतं.